खांद्याचे ग्लाइड: दिशा तोंडपाठ, तरी हात चुकतो कुठे?

तोंडी परीक्षेत विचारलं, "एक्स्टर्नल रोटेशन वाढवायला कोणता ग्लाइड?", की उत्तर लगेच येतं: "अँटिरिअर." गुणही मिळतात. (ग्लाइड म्हणजे सांध्यातलं एक हाड दुसऱ्यावर हाताने सरकवणं, एक्स्टर्नल रोटेशन म्हणजे हात बाहेरच्या बाजूला फिरवणं, अँटिरिअर म्हणजे पुढच्या दिशेला.) तोच विद्यार्थी सहा महिन्यांनी ओपीडीत उभा राहतो, पेशंटच्या खांद्यावर तळहात ठेवतो आणि दाबतो. खांदा हलतो, टेबल करकरतं, पेशंट थोडी वळते. फक्त जे हलायला हवं होतं ते हलत नाही. ग्लेनॉइडवरचं (खांद्याच्या उथळ खोबणीवरचं) ह्युमरसचं, म्हणजे दंडाच्या हाडाचं, डोकं जागच्या जागीच असतं आणि पुढेमागे होतो तो आख्खा स्कॅपुला, म्हणजे खांद्याचं पातं.

गेली काही वर्षं मी इंटर्न मुलामुलींच्या हातावर हात ठेवून हे शिकवते आहे. चूक बहुतेक वेळा ज्ञानाची नसते, क्रमाची असते. दिशा आधी ठरते, तपासणी नंतर होते, स्कॅपुला धरायचा राहूनच जातो. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि क्रमानेच वाचावा.

हा लेख फिजिओथेरपीचे विद्यार्थी, इंटर्न आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्यांसाठी आहे. खांदा आखडलेल्या व्यक्तीने वाचायला हरकत नाही, उपचार समजायला मदतच होईल. पण घरच्या कोणाकडून खांदा दाबून घेण्यासाठी तो वापरू नये.

टप्पा १: आधी एक मोसंबं, एक बशी आणि एक पेन्सिल

हा टप्पा पोरकट वाटून बरेच जण गाळतात. गाळू नका, दहा मिनिटं लागतात.

मोसंब्यात पेन्सिल खुपसा. मोसंबं म्हणजे ह्युमरसचं डोकं, पेन्सिल म्हणजे दंडाचं हाड. बशी उभी धरा, ती ग्लेनॉइड. वाटी घेऊ नका. ग्लेनॉइड वाटीइतका खोल नसतो, म्हणून तर खांदा इतका मोकळा फिरतो आणि इतक्या सहज निखळतोही. कोणत्याही क्षणी डोक्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ग्लेनॉइडला टेकलेला असतो. बशीच्या मध्यावर आणि मोसंबं जिथे टेकतं तिथे स्केचपेनने एकेक ठिपका काढा.

आता तीन हालचाली करून बघा.

१. रोल. पेन्सिल खाली लोंबती ठेवा आणि हळूहळू बाजूला वर उचला. मोसंबं बशीवर अजिबात घसरू देऊ नका, गाडीच्या चाकासारखं लोळू द्या. ते बशीवर वर चढत जातं आणि काठावरून निसटतं.

२. ग्लाइड, म्हणजे घसरणं. पेन्सिलीचा कोन न बदलता मोसंबं बशीवर नुसतं खाली सरकवा. ब्रेक दाबल्यावर चाक न फिरता रस्त्यावर घासत जातं, तसं. मोसंब्यावरचा एकच ठिपका बशीच्या वेगवेगळ्या जागांना घासत जातो.

३. स्पिन. पेन्सिल लोंबती ठेवून घड्याळाच्या लंबकासारखी पुढेमागे झुलवा. मोसंबं टेकलेल्या जागीच फिरतं. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते, तसं.

आता पहिल्या दोन हालचाली एकत्र करा. पेन्सिल वर उचलताना मोसंबं तितकंच खाली घसरवत राहा. ठिपके बदलत जातील, पण मोसंबं बशीच्या मध्यावरच राहील. हात वर जाताना खांद्यात हेच घडतं.

हे किती गरजेचं आहे ते आकड्यांत बघा. ह्युमरसच्या डोक्याचा व्यास ढोबळमानाने ४५ मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे १४१ मिलिमीटर होतो. हात २५ अंश उचलताना डोकं नुसतं लोळलं तर ते जवळपास १० मिलिमीटर वर चढेल. ॲक्रोमिअनखालची (खांद्यावर छपरासारख्या आलेल्या स्कॅपुलाच्या टोकाखालची) जागा साधारण तेवढीच असते. म्हणजे हात खिशापासून जरासा दूर गेला की तिथून जाणारं सुप्रास्पायनॅटस स्नायूचं टेंडन चिरडलं जाणार. आणि १२० अंशांना नुसता रोल ४७ मिलिमीटरचा होईल, तर ग्लेनॉइडची उभी लांबीच ३५ ते ४० मिलिमीटर आहे.

> इथे थांबा आणि हे वाक्य दोनदा वाचा. "रोलच्या उलट दिशेला ग्लाइड होतो" याचा अर्थ डोकं त्या दिशेला निघून जातं असा नाही. रोलमुळे ते जेवढं सरकलं असतं, तेवढं ग्लाइड त्याला परत आणतो. निरोगी खांद्यात डोक्याचा मध्य जवळपास जागेवरच राहतो. पहिल्या ३० ते ६० अंशांत तो सुमारे ३ मिलिमीटर वर जातो आणि पुढे एक-दोन मिलिमीटरच इकडेतिकडे होतो.

बहुतेक गैरसमज हे एक वाक्य न कळल्यामुळे होतात. "ॲबडक्शनमध्ये डोकं खाली जातं" (ॲबडक्शन म्हणजे हात बाजूला वर नेणं) असं विद्यार्थ्यांच्या जर्नल वहीत लिहिलेलं मी दरवर्षी तपासते. डोकं खाली जात नाही, ते वर निसटत नाही एवढंच. खांद्यावरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, त्याला वर ओढत असतो. इन्फ्रास्पायनॅटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे स्नायू त्याला खाली धरून ठेवतात. सुप्रास्पायनॅटस त्याला ग्लेनॉइडवर दाबून बसवतो.

टप्पा २: हाताची स्थिती आधी, दिशा नंतर

फुगीर पृष्ठभाग खोलगट पृष्ठभागावर हलत असेल तर रोल आणि ग्लाइड उलट दिशांना होतात. खोलगट पृष्ठभाग फुगीरावर हलत असेल तर एकाच दिशेला. काल्टेनबॉर्न यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम तुम्हाला पाठ आहे. पण "एक्स्टर्नल रोटेशन म्हणजे अँटिरिअर" असं पाठ करताना हात कुठे आहे हे कुणी विचारत नाही. मोसंबं पुन्हा हातात घ्या आणि करून बघा:

- हात बाजूला वर नेताना: रोल वर, ग्लाइड खाली.
- हात अंगालगत ठेवून एक्स्टर्नल रोटेशन: रोल मागे, ग्लाइड पुढे.
- हात अंगालगत ठेवून इंटर्नल रोटेशन: रोल पुढे, ग्लाइड मागे.
- हात समोरून वर नेताना: मुख्यतः स्पिन.
- हात ९० अंशांवर बाजूला ठेवून रोटेशन: इथेही मुख्यतः स्पिन. पेन्सिल बशीला काटकोनात धरून गोल फिरवा, लगेच दिसेल.

म्हणजे एकाच एक्स्टर्नल रोटेशनला अंगालगत एक उत्तर आणि ९० अंशांवर दुसरं. पेशंटचा हात कुठे अडकतो हे न बघता दिशा सांगणं म्हणजे पत्ता न विचारता रिक्षा काढण्यासारखं आहे.

टप्पा ३: खांदा म्हणजे एक सांधा नव्हे

हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० पैकी सुमारे १२० अंश ग्लेनोह्युमरल (ह्युमरस आणि ग्लेनॉइड यांच्या) सांध्याचे असतात आणि ६० अंश स्कॅपुला छातीच्या पिंजऱ्यावर फिरल्यामुळे मिळतात. त्या ६० अंशांसाठी क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) आतल्या आणि बाहेरच्या टोकाचे, स्टर्नोक्लॅव्हिक्युलर आणि ॲक्रोमिओक्लॅव्हिक्युलर, हे दोन्ही सांधे मोकळे लागतात. क्लॅव्हिकल वर उचललं जातंच, शिवाय स्वतःभोवती मागच्या बाजूला सुमारे ४० अंश फिरतं. ते फिरलं नाही तर ग्लेनोह्युमरल सांधा कितीही मोकळा करा, हात शेवटपर्यंत जाणार नाही.

स्टर्नोक्लॅव्हिक्युलर सांधा शिकायची सोपी युक्ती आहे. डाव्या हाताचं बोट उजव्या क्लॅव्हिकलच्या आतल्या टोकावर, गळ्याच्या खळगीच्या अगदी बाजूला ठेवा. आता उजवा खांदा कानाकडे उचला. बाहेरचं टोक वर जातं आणि बोटाखालचं टोक खाली दबतं. वर-खाली दिशेत क्लॅव्हिकलचं हे टोक फुगीर असतं, म्हणून ग्लाइड उलटा. मग खांदा पुढे आणा. पुढे-मागे दिशेत तेच टोक खोलगट असतं, त्यामुळे ते खांद्याबरोबर पुढेच सरकतं. खोगिराच्या आकाराचा सांधा म्हणजे काय, हे आकृतीपेक्षा या बोटाला जास्त कळतं.

> तपासा: पेशंट पाठमोरी बसवा. स्कॅपुलाच्या खालच्या कोपऱ्यावर स्किन पेन्सिलने खूण करा आणि दोन्ही हात एकदम वर न्यायला सांगा. दुखऱ्या बाजूचा कोपरा पहिल्या ३० अंशांतच बाहेर पळाला आणि खांदा कानाला जाऊन भिडला, तर अडचण ग्लेनोह्युमरल सांध्यात शोधा. कोपरा उशिरापर्यंत हललाच नाही, तर आधी स्कॅपुला आणि क्लॅव्हिकल तपासा.

टप्पा ४: हात लावण्याआधी कोणाला लावायचा नाही ते ठरवा

नुकतं फ्रॅक्चर, नुकताच निखळलेला खांदा, सांध्यात जंतुसंसर्गाची शंका, हाडातली गाठ, लाल-गरम सुजलेला सांधा असेल तर थांबा आणि डॉक्टरांकडे पाठवा. रोटेटर कफ (सुप्रास्पायनॅटस आणि त्याच्याबरोबर वर आलेल्या तीन स्नायूंची टेंडनं) शिवलेली असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचा लेखी प्रोटोकॉल हातात आल्याशिवाय ग्लाइड द्यायचा नाही. वय झालेल्या पेशंटची हाडं ठिसूळ असतील, कुणी बराच काळ स्टेरॉइड घेत असेल, तर जोर लावण्याचा प्रश्नच येत नाही.

डावा खांदा दुखतोय, पण हात हलवल्याने दुखणं बदलत नाही, सोबत छातीत दडपण किंवा घाम आहे, अशी व्यक्ती टेबलावर घेऊ नका. तिला ताबडतोब इमर्जन्सीत पाठवा.

मधुमेह विचाराच. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून जखडलेला खांदा, मधुमेहींमध्ये जास्त आढळतो आणि जास्त चिवटही असतो. अपेक्षा आणि वेळापत्रक त्यानुसार ठरवावं लागतं.

> सावध: हात बाजूला वर करून बाहेर फिरवल्यावर पेशंटचा चेहरा घाबरा झाला, "निसटेल असं वाटतंय" म्हणाली, तर तो खांदा पुढच्या बाजूने सैल आहे. तिथे एक्स्टर्नल रोटेशन कमी दिसलं तरी अँटिरिअर ग्लाइड देऊ नका.

टप्पा ५: मोजा, मग मांडणी करा

आधी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन. पेशंट उताणी, कोपर अंगालगत, दंडाखाली गुंडाळलेला टॉवेल, म्हणजे ह्युमरस मागे लोंबकळणार नाही. पॅसिव्ह (पेशंटने जोर न लावता तुम्ही केलेलं) एक्स्टर्नल रोटेशन मोजा. मग दुसऱ्या हाताने स्कॅपुला धरून पॅसिव्ह ॲबडक्शन, शेवटी इंटर्नल रोटेशन. कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी, आखडली असेल तर साधारणपणे सर्वांत जास्त कमी होतं एक्स्टर्नल रोटेशन, त्यानंतर ॲबडक्शन, त्यानंतर इंटर्नल रोटेशन. हा क्रम दिसला नाही तर निदानाचा पुन्हा विचार करा. दुसरा खांदाही मोजा. माणसामाणसांत सैलपणात इतका फरक असतो की पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पेशंटचा दुसरा खांदा जास्त खरा असतो.

आता मांडणी. सुरुवात नेहमी रेस्टिंग पोझिशनमध्ये: हात सुमारे ५५ अंश बाजूला आणि सुमारे ३० अंश पुढे. इथे कॅप्सूल सर्वांत सैल असते. दुखण्यामुळे पेशंटला तेवढं जमत नसेल तर तिला जिथे बरं वाटतं ती तिची रेस्टिंग पोझिशन. हात पूर्ण वर आणि बाहेर वळलेला असताना सांधा सर्वांत घट्ट बसतो. तिथे ग्लाइड तपासणं म्हणजे कुलूप लावून दार ढकलून बघणं.

टेबलाची उंची तुमच्या मांडीच्या मध्यापर्यंत हवी. पेशंटचा हात तुमच्या बगलेत किंवा कमरेशी आधाराला घ्या. तिला हाताचा भार स्वतः पेलावा लागला तर स्नायू आवळतात आणि तुम्ही कॅप्सूलऐवजी स्नायूंशी झटापट करत बसता. आणि तिला सांगा: "काकू, हात माझ्याकडे सोडून द्या. दुखलं तर लगेच बोला, सहन करायचं नाही."

टप्पा ६: स्कॅपुला धरा, मग ग्लेनॉइडचं तोंड शोधा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्यावर जास्त थांबते.

ग्लाइड म्हणजे एका पृष्ठभागावर दुसरा सरकणं. दोन्ही एकत्र सरकले तर ग्लाइड झालाच नाही. पोस्टिरिअर (मागच्या दिशेच्या) ग्लाइडसाठी उताणं झोपवल्यावर स्कॅपुलाच्या बाहेरच्या कडेखाली घडी घातलेला टॉवेल सरकवा. अँटिरिअर ग्लाइडसाठी पालथं झोपवल्यावर टॉवेल कोरॅकॉइडखाली (स्कॅपुलाच्या पुढे आलेल्या टोकाखाली) हवा. खाली ग्लाइड देताना पट्टा किंवा दुसरा हात स्कॅपुलाला वरून-खालून धरून ठेवतो.

एका इंटर्नला पोस्टिरिअर ग्लाइड नीट येतोय असं वाटत होतं. तिची लय छान होती, दाबही बेताचा. मी माझी बोटं पेशंटच्या पाठीखाली, स्कॅपुलाच्या आतल्या कडेला सरकवली. प्रत्येक दाबाबरोबर ती कड माझ्या बोटांवर येऊन आपटत होती. मग तिची बोटं तिथे ठेवली आणि दाब मी दिला, टॉवेल लावून. दोन-तीन झोक्यांनी ती म्हणाली, "मॅडम, आता मागे काहीच येत नाहीये." तोपर्यंत आठवडाभर ती स्कॅपुला हलवत होती आणि कागदावर "ग्लाइड दिला" असं लिहिलं जात होतं.

दुसरी गोष्ट दिशेची. ग्लेनॉइड सरळ बाहेर बघत नाही. स्कॅपुला पाठीवर तिरका बसलेला असल्यामुळे ग्लेनॉइडचं तोंड ३० ते ४० अंश पुढे वळलेलं असतं. ग्लाइड नेहमी या पृष्ठभागाला समांतर द्यायचा. म्हणून पोस्टिरिअर ग्लाइड सरळ जमिनीकडे जात नाही, मागे आणि किंचित बाहेर जातो. अँटिरिअर ग्लाइड पुढे आणि किंचित आत. सरळ जमिनीकडे दाबलं तर डोकं ग्लेनॉइडवर चिरडतं आणि तुम्हाला वाटतं की सांधा फार कडक आहे.

हात वर नेला की स्कॅपुलाही फिरतो आणि ग्लेनॉइडचं तोंड वर वळतं. म्हणजे ग्लाइडची दिशाही तुमच्या मागोमाग बदलायला हवी. याचंच एक टोकाचं उदाहरण: हात अंगालगत असताना दंड लांबीच्या दिशेने पायाकडे ओढला तर तो इन्फीरिअर ग्लाइड होतो. हात ९० अंश बाजूला असताना तोच दंड त्याच्या लांबीत ओढला तर ग्लाइड होत नाही, डोकं ग्लेनॉइडपासून दूर जातं. ओढ तीच, घडतं वेगळंच.

> तपासा: हात ठेवण्याआधी डोळे मिटून तीन गोष्टी बोटांनी शोधा: ॲक्रोमिअनची कड, कोरॅकॉइड आणि ह्युमरसचं डोकं. दंड हलकेच आतबाहेर फिरवा. बोटाखाली जे फिरतं ते डोकं. जे फिरत नाही त्यावर दाबायचं नाही.

कोरॅकॉइडवर दाबणं ही जुनी चूक आहे. दुखतं भरपूर, आणि कोरॅकॉइड स्कॅपुलाचाच भाग असल्यामुळे ढकलला जातो पुन्हा स्कॅपुलाच. तळहाताची करंगळीकडची कड कोरॅकॉइडच्या बाहेर, सांध्याच्या रेषेला लागून डोक्यावर ठेवा. हात फार खाली, दंडाच्या मध्यावर गेला तर तरफ तयार होते, ती टाळा. पालथ्या स्थितीत अँटिरिअर ग्लाइड देताना कोपर वर उचलण्याचा मोहही आवरा. कोपर उचललं की डोकं पुढच्या कॅप्सूलवर तरफेसारखं रेटलं जातं आणि तुमच्या ताब्यात काहीच राहत नाही.

टप्पा ७: दिशा हाताने तपासून ठरवा

आधी हलकं ट्रॅक्शन. ग्लेनॉइडला काटकोनात, एक-दोन मिलिमीटर, फक्त पृष्ठभाग एकमेकांपासून सुटतील एवढंच. पेशंटच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. मग क्रमाने खाली, मागे, पुढे. प्रत्येक दिशेला तीनच गोष्टी टिपा: किती सरकलं, शेवटी हाताला कसं लागलं, आणि दुखलं तर कधी. हीच तपासणी दुसऱ्या खांद्यावर करा.

सैलपणा तपासताना "आधी बसवा, मग सरकवा" हे विसरू नका. डोकं आधीच पुढे सरकून बसलं असेल आणि तुम्ही तिथूनच पुढे ढकललं, तर हालचाल कमी दिसेल आणि तुम्ही लिहाल "अँटिरिअर टाइट". तिथूनच मागे ढकललं तर ते मध्यावर परत येईल आणि तुम्ही लिहाल "पोस्टिरिअर सैल". दोन्ही नोंदी उलट्या. आधी डोकं ग्लेनॉइडच्या मध्यावर आणा, किंचित दाबून बसवा, मग दोन्हीकडे तपासा.

आता तो मूळ प्रश्न: एक्स्टर्नल रोटेशन कमी आहे, ग्लाइड कोणता? नियम म्हणतो अँटिरिअर. पण २००७ मध्ये फ्रोझन शोल्डरच्या २० पेशंटवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना अँटिरिअर आणि निम्म्यांना पोस्टिरिअर ग्लाइड दिला. सहा सिटिंगनंतर पोस्टिरिअर गटाचं एक्स्टर्नल रोटेशन सरासरी सुमारे ३१ अंशांनी वाढलं, अँटिरिअर गटाचं जेमतेम ३ अंशांनी.

हे वाचून काही जण "नियम खोटा" म्हणतात, आणि काही जण आता सगळ्यांनाच पोस्टिरिअर ग्लाइड देतात. दोन्ही घाई आहे. नियम निरोगी, सुटसुटीत सांध्याच्या आकाराबद्दल बोलतो. आखडलेल्या सांध्यात कॅप्सूल आपली सत्ता चालवते. कॅप्सूलची एक बाजू आखडली की ती डोक्याला विरुद्ध बाजूला ढकलते. १९९० मध्ये मृत शरीरांच्या खांद्यांवर हे करून पाहिलं गेलं आहे: मागची कॅप्सूल मुद्दाम घट्ट केल्यावर हात समोरून वर नेताना डोकं जास्त आणि लवकर पुढे सरकू लागलं. अशा खांद्यात डोकं आधीच पुढे अडकलेलं असताना त्याला आणखी पुढे ढकलून काय मिळणार?

म्हणून माझा आग्रह असा आहे. नियमाने एक अंदाज बांधा. मग ज्या स्थितीत हात अडतो तिथे नेऊन, दुखण्याच्या जरा अलीकडे, दोन्ही दिशांचे पाच-पाच हलके झोके द्या आणि प्रत्येकानंतर रोटेशन पुन्हा मोजा. जी दिशा अंश वाढवते, ती त्या दिवसाची दिशा. पाच मिनिटं जातात. चुकीच्या दिशेने दोन आठवडे घालवण्यापेक्षा ती स्वस्त आहेत.

टप्पा ८: किती जोर, किती वेळ

दुखणं आधी येतं की अडथळा, यावर सगळं अवलंबून आहे.

अडथळा लागायच्या आधीच दुखत असेल, रात्री झोप मोडत असेल, तर ग्रेड एक आणि दोन. हालचालीच्या सुरुवातीचे लहान झोके किंवा अडथळ्याला न शिवणारे मोठे झोके. इथे ताणायचं नसतं, शांत करायचं असतं. अडथळा आधी आणि ओढल्यासारखं नंतर, तेही सहन होण्यासारखं, असं असेल तर ग्रेड तीन आणि चार. तीनमध्ये झोका मोठा आणि अडथळ्यापर्यंत, चारमध्ये लहान आणि अडथळ्यावरच. टिकवून ताण द्यायचा असेल तर मी ३० सेकंद ते एक मिनिट धरते, मग सोडून हात हलकेच हलवते, आणि पुन्हा. झटका कधीच नाही.

दाब अंगठ्यांतून द्यायचा नाही. कोपर सरळ, तळहात टेकलेला, आणि पुढच्या पायावर स्वतःचं वजन झुकवा. अंगठे दुखत असतील तर तंत्र चुकतंय.

> सावध: हाताला मुंग्या, बोटांत बधिरपणा किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला सुन्नपणा जाणवला तर लगेच सोडा. ह्युमरसच्या मानेला वळसा घालून जाणारी ॲक्झिलरी नर्व्ह जवळच आहे. बगलेत दिलेला हात बोटांनी रुतवायचा नाही, सपाट ठेवायचा.

टप्पा ९: मिळालेले अंश लगेच वापरायला द्या

टेबलावर दहा अंश मिळाले आणि काकू तशाच घरी गेल्या, तर पुढच्या वेळी ते सापडणार नाहीत. उठायच्या आधीच त्या नव्या अंशांत हात स्वतःहून हलवायला लावा. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी किंवा लाटणं धरून दुखरा हात बाहेर ढकलायचा, कोपर अंगाला चिकटलेलं. बगलेत हातरुमालाची घडी द्या. घडी पडली म्हणजे कोपर सुटलं.

घरी दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. एकदम अर्धा तास नको. आणि व्यायामाला तिच्या रोजच्या कामाशी बांधा: अंबाडा घालणं, ब्लाउजचा मागचा हुक, मांडणीवरचा डबा काढणं. पुढच्या भेटीत "कसं आहे?" असं मोघम विचारू नका. "हुक लागला का?" असं विचारा.

दुखणं दोन तासांत उतरलं तर डोस बरोबर. त्या रात्री कुशीवर झोपता आलं नाही तर डोस जास्त झाला. पुढच्या वेळी दिशा तीच ठेवा, ग्रेड खाली आणा.

नोंद कशी लिहायची

"शोल्डर मोबिलायझेशन दिलं" एवढ्यावर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. अशी लिहा: उजवा खांदा. उताणी, ॲबडक्शन ४० अंश, एक्स्टर्नल रोटेशन अडतं तिथून पाच अंश अलीकडे. स्कॅपुलाखाली टॉवेल. पोस्टिरिअर ग्लाइड, मागे आणि बाहेर, ग्रेड तीन, एक मिनिट, पाच वेळा. एक्स्टर्नल रोटेशन आधी २०, नंतर २८. मुंग्या नाहीत. काठीचा व्यायाम करून दाखवला, पेशंटने स्वतः केला.

अशी नोंद असली की तुम्ही रजेवर असलात तरी तुमच्या जागी उभं राहणाऱ्याचा हात बरोबर त्याच जागी पडतो.